न काढलेले एक्केचाळीस

हिबिनोने माउसचं बटण दाबून धरलं, डाव्या हाताचे सगळे सूर एका चौकटीत घेरले आणि यातले किती एकमेकांवर चढलेत असं सॉफ्टवेअरला विचारलं. सॉफ्टवेअरने सेकंदभर विचार केला. तेवढा वेळ त्याला लागत नाही, पण समोरच्याचा मान राखायचा म्हणून घेत असावं. मग त्याने चारशे बारा कांड्या लाल केल्या.

"चारशे बारा," हिबिनो मोठ्याने म्हणाला. खोलीत कोणी नव्हतं, तरी त्याने आवाजात खेद आणून पाहिला. तो नीट जमला नाही.

गाणं होतं ‘खारट पावसाची गल्ली’ आणि ते वाजवलं होतं निवा माकिकोने. कामिमाएझु भागातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर कॅराओकेच्या यंत्रांसाठी गाण्यांची साथ तयार होते. मूळ गाणं ऐकायचं, एकेक वाद्य कानाने उचलायचं आणि सूर न् सूर मिडीत, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा फाइलीत, भरायचा. स्क्रीनवर प्रत्येक सुराची एक आडवी कांडी होते. जिथे कांडी सुरू होते तिथे बोट कीबोर्डच्या पट्टीवर पडलं, जिथे संपते तिथे उचललं. एकच पट्टी पुन्हा वाजवताना बोट पुरतं उचललेलं नसेल, तर दोन कांड्या एकमेकींवर चढतात. माणसाच्या कानाला ते कळत नाही. कॅराओकेच्या यंत्राला कळतं, आणि चुकीचं कळतं. पहिल्या कांडीचं संपणं ते दुसरीचं समजतं आणि नुकता सुरू झालेला सूर मारून टाकतं. मग ओसाकात कुठेतरी एखादा विमा एजंट डोळे मिटून गात असतो आणि त्याच्या पायाखालची साथ नाहीशी होते. तो तक्रार करत नाही. पुढच्या शनिवारी दुसऱ्या कंपनीचं यंत्र असेल तिथे जातो.

म्हणून चढलेले सूर काढायचे, हा या मजल्यावरचा पहिला नियम. दुसरा नियम, स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही. एके काळी इथे अकरा माणसं बसत, तेव्हा हा नियम सोपा होता. आता बाकीचं काम बाहेर जाई आणि खोलीत दोघंच उरली होती. त्यामुळे निवाचं काम हिबिनो तपासे आणि हिबिनोचं निवा. तपासून झालं की कागदावर आपला लाल शिक्का मारायचा.

हिबिनोच्या कामात चढलेले सूर नसत. गेली सत्तावीस वर्षं नव्हते. तो वाजवतच नसे. माउसने एकेक कांडी मांडे, दोन कांड्यांमध्ये केसाएवढी फट ठेवून, स्मशानातल्या दगडांसारखी रांगेत. त्याची गाणी कधी परत आली नाहीत. त्यांची कोणी आठवणही काढली नाही. निवा मात्र कीबोर्डवर हाताने वाजवी, चुका करी, हसे, पुन्हा वाजवी. आणि तिच्या गाण्यांबद्दल पत्रं येत. गिफूच्या एका दंतवैद्याने लिहिलं होतं की या साथीवर गाताना आपला गळा चांगला आहे असं वाटतं. विभागप्रमुख आसाइने ते पत्र चहाच्या यंत्राशेजारी चिकटवलं होतं. हिबिनो तेव्हापासून चहा खालच्या दुकानातून आणत असे.

आणि आता हे. मिनासे चिगुसाची तीस गाणी नव्याने भरायची होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, कधीकाळी अर्धा चुबू प्रांत तिच्या गाण्यांवर रडलेला. तिने अट घातली होती, मी स्वतः ऐकून निवडीन तोच माणूस तीसही गाणी करील, आणि गाणं संपल्यावर पडद्यावर त्याचं नाव येईल. चार सेकंद, छोट्या अक्षरांत. लोक तेव्हा पुढच्या गाण्याचा नंबर शोधत असतात. तरीही चार सेकंद. हिबिनोने अठ्ठावीस वर्षांत दोन हजारांवर गाणी भरली होती आणि त्याचं नाव फक्त आरोग्य तपासणीच्या यादीत आलं होतं.

शुक्रवारी दुपारी बाई येणार होती. एकच गाणं, ‘खारट पावसाची गल्ली’, दोघांनी आपापलं भरलेलं, नावं झाकून. आज बुधवार होता.

सॉफ्टवेअर वाट पाहत होतं. चढलेले सूर काढण्यासाठी त्यात दोन पर्याय होते. पहिला, ‘एकाच पट्टीवरचे’. दुसरा, ‘सगळे’. दुसऱ्यात पट्टी वेगळी असली तरी चालतं. पुढचा सूर लागला की मागचा तिथल्या तिथे कापला जातो. नियमानुसार पहिला पर्याय आवश्यक होता. दुसऱ्याबद्दल नियमात लिहिलं होतं, ‘तपासणाऱ्याच्या विवेकानुसार’.

हिबिनोने विवेकाने दुसरा दाबला.

लाल रंग गेला. त्याने गाणं सुरुवातीपासून ऐकलं. स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ, की त्याचं स्वतःचं वाटलं. यात काहीच गैर नव्हतं. कोणी विचारलं असतं तर तो नियमाचं पान उघडून दाखवू शकला असता. त्याने खणातून शिक्का काढला, लाल शाईची डबी उघडली, आणि तेवढ्यात खोलीचं दार उघडलं.

"किती निघाले?" निवाने आत येता येताच विचारलं. तिच्या हातात किशिमेनचा, रुंद शेवयांचा, वाडगा होता.

"चारशे बारा."

"बाप रे. मागच्यापेक्षा कमी, नाही?"

"मागच्या वेळी तीनशे नव्वद होते."

"मग जास्त." ती समोर बसली आणि वाडग्यावरचं झाकण काढलं. "हिबिनोसान, खरं सांगा, राग येतो ना माझा?"

"कामच आहे ते."

"म्हणजे येतो." तिने शेवयांवर फुंकर घातली. "तुमचं काल वीस मिनिटांत तपासून झालं माझं. मग अर्धा तास नुसती बसून राहिले. लगेच दिलं असतं तर आसाइसानना वाटलं असतं तपासलंच नाही."

तिच्या शिक्क्याचा कागद हिबिनोच्या खणात होता. ‘सुधारणा: शून्य. शिकण्यासारखं काम.’ त्याने तो चार वेळा वाचला होता आणि चारही वेळा त्याला ते कौतुकच वाटलं होतं, ही त्यातली वाईट गोष्ट.

त्याने डब्याऐवजी आणलेल्या भाताच्या त्रिकोणाचं प्लॅस्टिक सोलायला घेतलं. शिक्का तसाच कागदाशेजारी पडून राहिला.

"माझा डावा हात वेळेवर उचलतच नाही," निवा म्हणाली. "काही ठिकाणी चूक आहे ती, कबूल. पण काही ठिकाणी मुद्दाम."

"मुद्दाम?"

"हसाल तुम्ही."

"हसत नाही मी फारसा."

"ते आहेच." ती स्वतःच हसली. "इचिनोमियाला आईचा छोटा बार होता. कापड गिरण्या बंद पडायला लागल्या होत्या, त्यामुळे गिऱ्हाईक भरपूर. त्यांत एक हात्तोरीसान होते, रंगारी. एका कानाने ठार बहिरे. प्रत्येक गाण्यात एक तर आधी घुसायचे, नाही तर उशिरा. आई म्हणायची, हात्तोरीसान, बस गेली, आता पुढची पकडा. पण एक गाणं होतं, त्यात मात्र बरोबर यायचे. कितीही प्यालेले असू देत. ‘उशिरा आलेली छत्री’."

हिबिनोच्या हातातलं प्लॅस्टिक वेडंवाकडं फाटलं आणि भाताला गुंडाळलेलं समुद्री शेवाळ त्याच्याबरोबर निघून आलं. त्याने ते सोडवायला घेतलं.

"मला कळेना, याच गाण्यात कसं काय? मग एकदा दुपारी बार बंद होता, तेव्हा मशीन अगदी हळू करून ऐकलं. तर गाणाऱ्याने आत यायच्या जरा आधी डाव्या हाताचा सूर जातच नाही हो. पुढचा आला तरी थांबतो थोडा. पाहुणे आल्यावर कोणी दार धरून उभं राहतं ना, तसं. हात्तोरीसानना ते ऐकू येत नसणार. पोटात कळत असणार."

"हं."

"मी तिथूनच शिकले वाजवायला. म्हणून तर इथे आले. पहिल्याच दिवशी जुनं रजिस्टर काढून बघितलं, कोणी भरलंय ते. शहाण्णव साल, मे महिना. योकोई."

"योकोई," हिबिनो म्हणाला.

"तुम्ही त्यांच्याच हाताखाली होतात ना? कसे वाजवायचे ते?"

योकोई वाजवत नसत. आकड्यांच्या बटणांवर वाकड्या तर्जनीने एकेक सूर टाइप करत, आयकर विवरण भरावं तसे. शहाण्णवच्या मे महिन्यात कंपनीत वाजवणारा एकच माणूस होता. तो गामागोरीच्या एका हॉटेलात दोन वर्षं पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी पियानो वाजवून नुकताच इथे लागला होता आणि त्याला अजून माउस धरता येत नव्हता. ‘उशिरा आलेली छत्री’ त्याने हाताने वाजवून भरलं. योकोईंनी त्याला चाळीस मिनिटं उभं केलं. हा काय चिखल आहे, हिबिनो? इथे सूर उचलायला तुझी आई येणार आहे का? पण गाणं संध्याकाळी सहाला टेलिफोनच्या तारेवरून यंत्रांकडे जायचं होतं आणि साफ करायला वेळ नव्हता. पहिल्या वर्षाच्या माणसाला शिक्का नसे. योकोईंनी नाक मुरडून आपला मारला, रजिस्टरात आपलं नाव लिहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हिबिनोला हात उचलायला शिकवलं.

"हात जड होता त्यांचा," हिबिनो म्हणाला.

निवाने जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. "तेच. ते ऐकू येतं. दर हिगानला सगळे पितरांना भेटायला जातात, तेव्हा मी यागोतोच्या स्मशानात जाते, माहितीये? त्यांच्या थडग्यावर कॉफीचा डबा ठेवते. काळी, बिनसाखरेची. आवडायची ना त्यांना?"

योकोईंना पोटाचा विकार होता. कॉफीच्या वासानेही ते खिडकी उघडत.

"आवडायची," हिबिनो म्हणाला.

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. निवा अतिशय आदराने ‘असं होय’ म्हणाली असती, आणि तिने विश्वास ठेवला की ठेवल्याचं दाखवलं, ते त्याला कधी कळलं नसतं. त्याने भाताचा शेवटचा घास खाल्ला. नागड्या भाताला चव नव्हती. आठ वर्षांपूर्वी मेलेला एक माणूस, ज्याने आयुष्यात एकही सूर वाजवला नाही, तो दर वर्षी दोनदा फुकट कॉफी पीत होता.

निवा वाडगा धुवायला गेली. हिबिनोने शिक्का पुन्हा खणात ठेवला आणि टेबलाखालून आपला जुना कीबोर्ड ओढून काढला. त्यावर तो पाय ठेवून बसत असे. बाहीने धूळ पुसली, हेडफोन लावले आणि ‘छत्री’च्या दुसऱ्या कडव्याच्या आधीच्या चार मात्रा वाजवल्या. डावा हात वेळेवर उचलला गेला. पुन्हा वाजवल्या. पुन्हा वेळेवर. तिसऱ्या खेपेला त्याने हात मुद्दाम थांबवला, तर सूर थांबवल्यासारखा वाटला. योकोईंचं शिकवणं पक्कं झालं होतं.

त्याने कीबोर्ड परत खाली सरकवला, पण पाय जमिनीवरच ठेवले. मग मघाची आज्ञा मागे घेतली. चारशे बारा कांड्या पुन्हा लाल झाल्या.

या खेपेला तो एकेक करत गेला. तीनशे एकाहत्तर ठिकाणी एकाच पट्टीवर बोट रेंगाळलं होतं. त्या खऱ्या चुका होत्या, आणि त्या काढताना त्याला जरा बरं वाटलं. उरलेले एक्केचाळीस वेगवेगळ्या पट्ट्यांवरचे. गाण्यात मिनासेबाई एक्केचाळीस वेळा श्वास घेऊन आत येते. प्रत्येक वेळेच्या आधी एक कांडी पुढच्या कांडीवर बोटभर चढलेली होती. तशीच, तेवढीच. स्वतःची जुनी सही दुसऱ्याच्या हातची पाहावी तसा तो पाहत राहिला. ते काढावेत, ठेवावेत, की मुळात आपले आहेत असं सांगावं, यातलं काहीही निवडलं तरी कोणीतरी त्याच्यावर मात करणार होतं.

कागदावर एक रकाना होता, ‘न काढलेले, कारणासह’. सत्तावीस वर्षांत त्याने तो कधी भरला नव्हता. त्याने लिहिलं, ‘४१. प्रवेशाआधीचे. राहू द्यावेत.’ आणि शिक्का मारला.

शुक्रवारी मिनासेबाई फिकट जांभळ्या किमोनोत आली. आसाइ तिच्यापुढे इतका वाकला की त्याच्या खिशातलं पेन पडलं. तो हिबिनोनंतर चार वर्षांनी लागला होता आणि आता प्रमुख होता. त्यामुळे तो हिबिनोशीही फार अदबीने बोले, आणि तेच हिबिनोला सोसत नसे.

पहिली साथ हिबिनोची लागली. बाईने गायलं. नजर पडद्यावर, एका हाताने मांडीवर ठेका. कुठेही चुकली नाही.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. "अगदी इस्पितळ. इथे ऑपरेशन करून घ्यायला हरकत नाही."

आसाइ हसला, मग हसावं की नाही ते ठरवण्यासाठी थांबला.

दुसरी साथ लागली. दुसऱ्या ओळीला बाईचा ठेका थांबला. तिसऱ्या ओळीला तिने डोळे मिटले. मग तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. गाणं संपल्यावर ती थोडा वेळ माइक हातातच धरून बसली होती.

"हिच्यात मोजावं लागत नाही," ती म्हणाली. "माझा जुना पियानोवाला असाच होता. तो गेल्यापासून मी मोजतेय. कोणाची ही?"

निवा उठली आणि कमरेतून वाकली.

"कोणाकडे शिकलीस गं?"

"इथल्या योकोईसानचं ऐकून. ते आता नाहीत."

आसाइने आदराने मान खाली घातली. योकोईंनी त्याला दोनदा रडवलं होतं. हिबिनोनेही घातली. मान वर केली तेव्हा बाई त्याच्याकडे पाहत होती.

"आणि तुम्ही काय करता?"

"मी तपासतो," हिबिनो म्हणाला.

पुढच्या मंगळवारी तिसांतलं दुसरं गाणं त्याच्याकडे आलं. त्याने डावा हात घेरला, सॉफ्टवेअरला विचारलं. एकही कांडी लाल झाली नाही. त्याला वाटलं, चुकून आपलंच गाणं उघडलं. मग फाइलसोबतची चिठ्ठी वाचली. ‘हिबिनोसान, मागच्या वेळी तुमचा दिवस खाल्ला. या वेळी देण्याआधीच सगळे काढून टाकलेत. यापुढे तुम्हाला त्रास नाही. निवा.’

त्याने ऐकलं. सगळे म्हणजे सगळे काढले होते. दुसरा पर्याय. बाई पहिल्या ओळीपासून मोजणार होती. गाण्यावर नाव निवाचं येणार होतं, चार सेकंद, आणि ऐकणाऱ्याला इस्पितळ ऐकू येणार होतं. यात हिबिनोला काहीच करायचं नव्हतं. कागदावर शून्य लिहायचं, शिक्का मारायचा आणि वीस मिनिटांत मोकळं व्हायचं. या विचाराने त्याला आठवडाभरात पहिल्यांदा हलकं वाटलं. त्याने शून्य लिहिलं. खालून चहा आणला, तो प्यायला, कप विसळून ठेवला.

मग तो पुन्हा बसला. पहिल्या ओळीआधीची शेवटची कांडी त्याने टोकाला धरली आणि माउसने पुढच्या कांडीवर बोटभर ओढली. ऐकलं. थोडी मागे घेतली. पुन्हा ऐकलं. हाताला जे येत नव्हतं ते माउसला येत होतं, आणि त्याचं त्याला बरंही वाटलं आणि रागही आला. तो दुसऱ्या ओळीकडे गेला.

अडतिसावी कांडी ओढत असताना निवा आत आली.

"अजून तेच? त्यात तर काहीच नव्हतं ना?"

"होते थोडे."

"राहिले कसे? मी सगळे काढले होते."

त्याने हेडफोन काढून तिच्यापुढे धरले. तिने ते कानाला लावले आणि उभ्यानेच ऐकलं. पहिल्या ओळीला तिचा डावा हात टेबलाच्या कडेवर आला आणि बोटं दाबली गेली. मग तिने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"हे मी वाजवलंय?"

हिबिनो कागदावरच्या शून्यावर आडवी रेघ मारत होता. जोडलेल्या सुरांसाठी कागदावर रकाना नव्हता. त्याने रेघा आखायची पट्टी शोधली.

"नाव तुमचंच येणार आहे ना," तो म्हणाला, आणि कागदाच्या तळाशी एक नवा रकाना आखायला घेतला.